एका वर्षात तीनदा ‘महाराष्ट्र केसरी’: कुस्ती संघटनेच्या भांडणाचा नेमका विषय काय?

१० नोव्हेंबर २०२३. पुण्याजवळच्या फुलगावात सिकंदर शेखनं शिवराज राक्षेला काही सेकंदांत अस्मान दाखवलं आणि महाराष्ट्र केसरीची गदा उचलली. मोबाईलवर व्हिडिओ फिरले, मोहोळ तालुक्यात फटाके फुटले. त्याच महिन्यात धाराशिवला दुसरी स्पर्धा झाली. तिथं शिवराज राक्षेनं हर्षवर्धन सदगीरला हरवलं आणि महाराष्ट्र केसरीची गदा उचलली. त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात कोथरूडला झालेल्या स्पर्धेतही शिवराजच जिंकला होता, समोर होता महेंद्र गायकवाड.

म्हणजे कॅलेंडरचं वर्ष एक, किताब एक, आणि तो दिला गेला तीन वेळा.

तेव्हा कमेंटमध्ये एकच प्रश्न होता: खरा केसरी कोण? सिकंदरच्या बाजूनं लिहिणारे होते, शिवराजच्या बाजूनंही. पण हा प्रश्न पैलवानांचा नव्हताच. दोघंही आपापल्या आखाड्यात लढून जिंकले होते. प्रश्न होता तो गदा देणाऱ्यांचा. महाराष्ट्रात कुस्तीच्या दोन संघटना झाल्या होत्या आणि दोघींचंही म्हणणं होतं की खरी आम्हीच. ही फूट पडली कशी हे समजून घ्यायचं तर आधी दिल्लीत जावं लागतं. भारतीय कुस्ती महासंघात काय चाललं होतं ते बघावं लागतं.

आधी घराण्याची ओळख

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ मध्ये उभी राहिली. मामासाहेब मोहोळ हे तिच्यामागचं मोठं नाव. १९६१ मध्ये औरंगाबादला पहिला महाराष्ट्र केसरी ठरला, सांगलीचा दिनकर दह्यारी. तेव्हापासून हा किताब म्हणजे गावाचा, तालमीचा, वस्तादाचा आणि घराण्याचा मान. मामासाहेबांच्या स्मरणार्थ दिली जाणारी चांदीची गदा घरी आली, की पुढच्या तीन पिढ्या ती भिंतीवरून खाली उतरत नाही.

परिषदेवर वर्षानुवर्षं शरद पवार अध्यक्ष आणि बाळासाहेब लांडगे सरचिटणीस होते. किती वर्षं? तर ज्या पोरांनी त्यांच्या काळात पहिल्यांदा लंगोट बांधला, त्यांची पोरं मोठी होऊन स्पर्धेत उतरली तरी पदाधिकारी तेच होते. याबद्दल कुरबूर नवी नव्हती. तालमीत, जत्रेत, स्पर्धेच्या मांडवामागे ती कायम ऐकू यायची. पण परिषदेला दुसरा पर्याय कुणी उभा केला नव्हता, आणि पवारांसमोर उभा राहील असा माणूसही सापडत नव्हता.

दिल्लीत महासंघाचा कारभार होता ब्रिजभूषण शरण सिंह यांच्याकडे. उत्तर प्रदेशातले भाजपचे खासदार, २०१२ पासून महासंघाचे अध्यक्ष. मराठी माणसाला हे नाव पाठ झालं ते कुस्तीमुळे नाही. २०२२ च्या जून महिन्यात राज ठाकरेंचा अयोध्या दौरा ठरला होता आणि ‘आधी उत्तर भारतीयांची माफी मागा, मगच अयोध्येत पाय ठेवा’ असा पवित्रा घेणारे ते हेच.

त्यानंतर काही आठवड्यांतच, २०२२ च्या मध्यावर, महासंघानं महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद बरखास्त केल्याचं जाहीर केलं. कारभाराबद्दल तक्रारी आहेत, असं कारण पुढं आलं. याच सुमारास राज्यात सत्ता पालटली होती आणि ठाण्याचे एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले होते. त्यामुळे ‘पवारांना कुस्तीतून चितपट केलं’ अशा बातम्या रंगल्या. महासंघानं राजकारणाचा इन्कार केला. नव्या निवडणुकीतून जी संघटना आली, तिचे अध्यक्ष झाले रामदास तडस. हे वर्ध्याचे तेव्हाचे भाजप खासदार, आणि स्वतः आखाड्यात उतरलेले पैलवान, विदर्भ केसरी. या संघटनेचं नाव महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघ. जुनीच्या नावात ‘परिषद’, नवीच्या नावात ‘संघ’. बातम्या वाचणाऱ्याचा निम्मा गोंधळ इथंच होतो.

‘बरखास्त’ म्हणजे काय?

हा शब्द फसवा आहे. बरखास्त म्हटलं की वाटतं संस्था संपली, कुलूप लागलं. पण परिषद ही कायद्यानं नोंदलेली स्वतंत्र संस्था. तिची घटना वेगळी, खातं वेगळं, सभासद वेगळे, आणि तिच्या विश्वस्तांच्या नोंदी धर्मादाय आयुक्तांकडे. दिल्लीतला महासंघ स्वतःही अशीच एक नोंदणीकृत संस्था आहे. एक संस्था दुसऱ्या संस्थेला मारू शकत नाही. ती फार तर म्हणू शकते, ‘तुम्ही आजपासून आमचे सभासद नाही.’ याला संलग्नता काढून घेणं म्हणतात.

म्हणून महासंघानं ‘बरखास्त’ म्हटल्यावरही परिषद राहिलीच. लांडगे गट म्हणत राहिला, आम्ही आहोत, नाव आमचं, किताब आमचा, परंपरा आमची. तडस गट म्हणत राहिला, राष्ट्रीय महासंघाची मान्यता आमच्याकडं, राष्ट्रीय स्पर्धेला महाराष्ट्राचा संघ आम्हीच पाठवणार. कायद्याच्या नजरेनं बघितलं तर दोघांच्याही हातात काहीतरी होतं. एकाकडं वारसा, दुसऱ्याकडं शिक्का. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि तारखा पडत राहिल्या.

सहकारी सोसायटीत राहणाऱ्या माणसाला हे भांडण लगेच कळेल. ठाण्यात वर्तकनगरपासून डोंबिवलीपर्यंत जुन्या इमारतींच्या सोसायट्यांमध्ये दोन कमिट्या, दोन शिक्के आणि दोन नोटीस बोर्ड बघितलेले लोक ढिगानं सापडतील. फरक एवढाच की सोसायटीच्या भांडणात पाण्याचं बिल थकतं, आणि इथं पोरांची वर्षं जातात.

मतं पैलवानांकडं नसतातच

या सगळ्या विषयाची किल्ली इथं आहे. एरवी आपण गृहीत धरतो की कुस्ती महासंघ म्हणजे पैलवानांची संघटना. तसं नाही. महासंघाचे सभासद पैलवान नसतात, राज्य संघटना असतात. राज्य संघटनेचे सभासद असतात जिल्हा आणि शहर संघ. जिल्हा संघाखाली तालमी. म्हणजे कल्याण तालुक्यातल्या एखाद्या गावच्या तालमीत घाम गाळणाऱ्या पोरापासून महासंघाच्या अध्यक्षापर्यंत तीन-चार पायऱ्या आहेत आणि कुठल्याच पायरीवर त्या पोराला मत नाही. अध्यक्ष निवडताना मत टाकतात राज्य संघटनांचे प्रतिनिधी, एका राज्याचे दोन. पंचवीस राज्यं धरली तर मतं पन्नास. देशाची कुस्ती कुणाच्या हातात जाणार, हे एका एसटी बसमध्ये बसतील एवढे लोक ठरवतात.

आता पुढची गोष्ट. कुठली राज्य संघटना संलग्न आणि कुठली नाही, हे ठरवतो महासंघच. म्हणजे मतदारयादीची वही ज्याच्या हातात, तोच उमेदवार किंवा उमेदवाराचा पाठीराखा. एखाद्या राज्याचा कारभार खरोखर वाईट असेल, तर त्याची संलग्नता काढणं योग्यच. पण राज्य फक्त विरोधात गेलं असेल तर? तेव्हाही हत्यार तेच वापरता येतं, आणि बाहेरच्या माणसाला दोन्हीतला फरक कागदावरून ओळखता येत नाही. महाराष्ट्राच्या बाबतीत यातलं काय झालं, यावर दोन्ही गट आजही एकमेकांशी सहमत नाहीत.

महाराष्ट्र एकटा नव्हता. २०२३ च्या जूनमध्ये महासंघाच्या निवडणुकीची तयारी सुरू झाली तेव्हा महाराष्ट्र, हरयाणा, राजस्थान, हिमाचल प्रदेश आणि तेलंगणा अशा पाच राज्यांतल्या संलग्नता गेलेल्या संघटना ‘आम्हालाही मत द्या’ म्हणून पुढं आल्या. त्यांचं ऐकून घेण्यासाठी निवडणुकीची तारीख पुढं ढकलावी लागली. एवढी राज्यं मतदारयादीबद्दलच भांडत असतील, तर निकाल काहीही लागला तरी तो निमूट मान्य होण्याची शक्यता उरत नाही.

जंतरमंतर

पुण्यातली महाराष्ट्र केसरी १४ जानेवारी २०२३ ला संपली. चौथ्या दिवशी, १८ जानेवारीला, दिल्लीत जंतरमंतरवर विनेश फोगाट, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया येऊन बसले. ब्रिजभूषण यांनी महिला पैलवानांचं लैंगिक शोषण केलं, असा आरोप त्यांनी केला. ब्रिजभूषण यांनी आरोप फेटाळले आणि आजवर ते फेटाळत आले आहेत.

ही गोष्ट खेळातल्या नेहमीच्या भांडणासारखी नव्हती. पदकं जिंकलेले, देशाला नावानं माहीत असलेले खेळाडू स्वतःच्या महासंघाविरुद्ध फुटपाथवर बसले होते. सरकारनं मेरी कोमच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि आंदोलन थांबलं. समितीचा अहवाल लोकांसमोर आला नाही. २३ एप्रिलला पैलवान परत येऊन बसले. सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर दिल्ली पोलिसांनी गुन्हे नोंदवले. २८ मे रोजी नव्या संसद भवनाचं उद्घाटन होतं, त्या दिवशी मोर्चा काढणाऱ्या पैलवानांना पोलिसांनी रस्त्यावरून उचललं. ते फोटो अजून लोकांच्या डोळ्यांसमोर आहेत. दोन दिवसांनी ते पदकं गंगेत सोडायला हरिद्वारला गेले आणि समजूत घातल्यावर परत फिरले.

न्यायालयीन बाजू थोडक्यात अशी. जून २०२३ मध्ये आरोपपत्र दाखल झालं. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं आरोप निश्चित केले. अल्पवयीन पैलवानाच्या तक्रारीवरचं वेगळं प्रकरण पोलिसांनी बंद करण्याची शिफारस केली होती, ती मे २०२५ मध्ये न्यायालयानं स्वीकारली.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. अशी तक्रार करायला महासंघात आधीच एक जागा असायला हवी होती. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल २०१३ चा कायदा आहे, अंतर्गत समिती बंधनकारक आहे. पण ज्या माणसाविरुद्ध तक्रार, तोच संघ निवडीपासून शिबिराच्या यादीपर्यंत सगळ्यावर वजन ठेवून असेल, तर तक्रारीचा कागद कुणाच्या टेबलावर ठेवायचा? जंतरमंतरला जाण्याचं कारण या प्रश्नात आहे.

निवडणूक, निलंबन, परत निलंबन

एप्रिल २०२३ मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटनेनं कारभार चालवायला हंगामी समिती नेमली. त्यात भूपिंदर सिंग बाजवा आणि नेमबाज सुमा शिरूर होत्या. निवडणूक घ्यायची होती, पण जूनपासून ती कोर्टात अडकत गेली. कधी आसामची संघटना गुवाहाटी उच्च न्यायालयात, कधी हरयाणाची पंजाब-हरयाणा उच्च न्यायालयात. १२ ऑगस्टचं मतदान आदल्या दिवशी थांबलं.

जागतिक संघटना, म्हणजे युनायटेड वर्ल्ड रेसलिंग, किती थांबणार? २३ ऑगस्ट २०२३ ला तिनं भारतीय महासंघाला निलंबित केलं. परिणाम सप्टेंबरमध्ये बेलग्रेडला दिसला. जागतिक स्पर्धेत अंतिम पंघालनं कांस्य जिंकलं, पॅरिस ऑलिम्पिकची जागा मिळवली, पण भारताच्या झेंड्याखाली नाही, तटस्थ खेळाडू म्हणून. भांडण अधिकाऱ्यांचं आणि छातीवरून देशाचं नाव गेलं एकोणीस वर्षांच्या मुलीच्या.

शेवटी सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती उठवली आणि २१ डिसेंबर २०२३ ला मतदान झालं. ब्रिजभूषण यांचे निकटवर्ती संजय सिंह विरुद्ध अनिता श्योराण. अनिता या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतल्या सुवर्णविजेत्या, आंदोलक पैलवानांचा पाठिंबा असलेल्या. निकाल लागला ४० विरुद्ध ७. त्याच संध्याकाळी साक्षी मलिकनं पत्रकार परिषदेत टेबलावर बूट ठेवले आणि कुस्ती सोडली. दुसऱ्या दिवशी बजरंगनं पद्मश्री कर्तव्य पथाच्या फुटपाथवर ठेवून दिला. तिकडं ‘दबदबा’ कायम राहणार असल्याचे फलक झळकत होते.

निकालात एक बारकावा होता, तो घोषणांच्या गदारोळात हरवला. सरचिटणीसपदी विरोधी गटाचे प्रेमचंद लोचब निवडून आले होते, आणि वरिष्ठ उपाध्यक्षपदी देवेंद्र कादियान, तेही त्याच बाजूचे. म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींनी डोळे मिटून एकाच गटावर शिक्के मारले नव्हते. अध्यक्ष एका बाजूचा, सरचिटणीस दुसऱ्या बाजूचा. महासंघाच्या बैठका कुणी बोलवायच्या, यावरच पुढं रण माजणार हे त्याच दिवशी दिसत होतं.

आणि माजलंच. नव्या अध्यक्षांनी लगेच जाहीर केलं की १५ आणि २० वर्षांखालच्या राष्ट्रीय स्पर्धा वर्ष संपायच्या आत उत्तर प्रदेशात गोंड्याच्या नंदिनीनगरला होतील. गोंडा म्हणजे ब्रिजभूषण यांचं घरचं मैदान. सरचिटणीसांना विश्वासात घेतलं नाही, घटनेप्रमाणे पुरेशी मुदत दिली नाही, आणि कारभार अजून जुन्या पदाधिकाऱ्यांच्या जागेतून चालतोय, अशी कारणं देत क्रीडा मंत्रालयानं २४ डिसेंबरला महासंघाचं कामकाज थांबवलं. निवडून येऊन तीन दिवस झाले होते.

पुण्यातल्या त्या राष्ट्रीय स्पर्धेचं काय झालं?

यानंतर जे झालं ते महाराष्ट्रातल्या पैलवानांनी अगदी जवळून बघितलं. निलंबन मान्य नसलेल्या महासंघानं २९ ते ३१ जानेवारी २०२४ या काळात पुण्यात वरिष्ठ गटाची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा ठेवली. ऑलिम्पिक संघटनेनं नेमलेल्या नव्या हंगामी समितीनं तीच स्पर्धा २ ते ५ फेब्रुवारीला जयपूरला ठेवली. क्रीडा मंत्रालयानं आधीच पत्र काढून सांगितलं की पुण्याची स्पर्धा अमान्य आहे आणि तिथलं प्रमाणपत्र सरकारी कामाला चालणार नाही.

आता बाहेरगावच्या पैलवानाची अडचण बघा. तिकीट पुण्याचं काढायचं की जयपूरचं? पुण्याला गेला तर मंत्रालय म्हणणार, तुझा कागद कागदच नाही. नाही गेला तर उद्या महासंघ परत ताकदीत आल्यावर म्हणणार, तेव्हा तू कुठं होतास? आणि झालंही तसंच काहीसं. १३ फेब्रुवारी २०२४ ला जागतिक संघटनेनं महासंघावरचं निलंबन उठवलं. मार्चमध्ये हंगामी समिती गेली. म्हणजे जगाच्या दृष्टीनं महासंघ खरा, आणि भारत सरकारच्या दृष्टीनं निलंबित. सरकारनं आपलं निलंबन उठवलं ते थेट १० मार्च २०२५ ला. वर्षभरापेक्षा जास्त काळ या देशात कुस्तीची अधिकृत संस्था कोणती, या प्रश्नाचं उत्तर विचारणारा कुठल्या दारात उभा आहे यावर अवलंबून होतं.

प्रमाणपत्राची किंमत

शहरातल्या वाचकाला वाटेल, एका कागदासाठी एवढं काय? तर महाराष्ट्रात खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. या सगळ्यासाठी प्रमाणपत्र तपासलं जातं, आणि पहिला प्रश्न असतो: स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची होती का? वरच्या टोकाला तर फळ फार मोठं आहे. तीन वेळचे महाराष्ट्र केसरी नरसिंग यादव आणि विजय चौधरी, आंतरराष्ट्रीय पैलवान राहुल आवारे, हे सगळे थेट पोलीस उपअधीक्षक झाले.

पैलवान तयार करणं ही घराची गुंतवणूक असते. दूध, बदाम, तूप, थंडाई, तालमीचा खर्च, वस्तादाचा मान. शेतकऱ्याचं घर आठ-दहा वर्षं हे ओढतं ते एका आशेवर, की पोरगं गदा आणेल, नाहीतर किमान वर्दी तरी घालेल. ठाणे जिल्ह्यातल्या, भिवंडी-कल्याण-अंबरनाथ पट्ट्यातल्या गावांत जत्रेच्या कुस्त्या आजही होतात, पण जत्रेतला फेटा आणि इनाम नोकरीच्या अर्जाला जोडता येत नाही. जोडता येतो तो संघटनेच्या शिक्क्याचा कागद. दोन शिक्के असले की एक कागद रद्दी होतो, आणि कुठला रद्दी होणार हे पैलवानाला लढून झाल्यावर कळतं.

पैलवानांनी यावर आपला मार्ग काढला. दोन्हीकडं खेळायचं. शिवराज राक्षे फुलगावच्या अंतिम फेरीतही होता आणि धाराशिवच्याही. त्याला ‘दोन डगरींवर हात’ म्हणणारे होते. पण ज्याच्या उमेदीची वर्षं मोजकी आहेत, त्यानं कोर्टाचा निकाल लागेपर्यंत घरी बसायचं का?

शिस्तीचंही तेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या स्पर्धेत गादी विभागाची अंतिम कुस्ती शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्यात झाली. पाठ टेकली की नाही यावरून वाद झाला आणि शिवराजनं पंचांना लाथ मारली. नंतर किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाड मोहोळविरुद्धची कुस्ती अर्धवट सोडून गेला. संघानं दोघांवर तीन वर्षांची बंदी घातली. पंचावर पाय उचलणं कुठल्याच खेळात खपवून घेता येत नाही, त्यात दुमत नाही. पण एका संघटनेची बंदी दुसरीनं पाळावी, असं सांगणारं वर कुणी नसेल, तर बंदीचा धाक किती उरतो? आणि पैलवानाला निकाल चुकीचा वाटला तर दाद मागायला दोन्ही गटांना मान्य असलेली जागा कुठली? मैदानावर रागाचा भडका उडतो त्यामागे हेही एक कारण आहे, त्यानं लाथ योग्य ठरत नाही ही गोष्ट वेगळी.

कुस्तीपुरतंच आहे का हे?

नाही. फुटबॉल बघा. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते. २०२० च्या डिसेंबरला मुदत संपली, पण घटनेचा वाद न्यायालयात आहे म्हणून निवडणूक झाली नाही आणि ते पदावर राहिले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना हटवून प्रशासकांची समिती नेमली. फिफानं ‘बाहेरचा हस्तक्षेप’ म्हणत ऑगस्टमध्ये भारताला निलंबित केलं, अकरा दिवसांत उठवलं. मग २ सप्टेंबरला निवडणूक झाली. एका बाजूला कल्याण चौबे, दुसऱ्या बाजूला भारताचा सगळ्यात नावाजलेला फुटबॉलपटू बायचुंग भुतिया. मतं पडली ३३ विरुद्ध १. अनिता श्योराण यांना सात तरी मिळाली होती.

क्रिकेटमध्ये लोढा समितीच्या शिफारशींनंतर सत्तर वर्षांची वयोमर्यादा आली आणि शरद पवारांनी २०१६ च्या डिसेंबरमध्ये मुंबई क्रिकेट असोसिएशनचं अध्यक्षपद सोडलं. इतर खेळांसाठी २०११ ची राष्ट्रीय क्रीडा संहिता होती. वयाची अट, पदाच्या मुदतीची मर्यादा, सगळं तिच्यात होतं. पण संहिता म्हणजे कायदा नव्हे. मोडली तर मंत्रालय फार तर मान्यता आणि पैसे थांबवणार, आणि संघटना कोर्टात जाणार.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. त्यात संघटनांना मान्यता देण्यासाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळ, निवडणुकांवर देखरेख करायला स्वतंत्र यंत्रणा आणि वाद मिटवायला क्रीडा न्यायाधिकरण अशी मांडणी आहे. कार्यकारिणी पंधरा जणांपेक्षा मोठी नको, त्यात किमान चार महिला हव्यात आणि नामवंत खेळाडू हवेत, अशा अटी आहेत. आंतरराष्ट्रीय नियमांत बसत असेल तर पंचाहत्तरीपर्यंत निवडणूक लढवता येईल अशी सवलतही आहे. ती कुणाच्या सोयीची, यावर वेगळा लेख होईल. खेळाडू कार्यकारिणीत बसणार, हे आधीपेक्षा पुढचं पाऊल. पण मतदार कोण, तर अजूनही मुख्यतः राज्य संघटनाच. राज्यात दोन संघटना असतील तर खरी कोणती, हा महाराष्ट्राचा प्रश्न कुठल्याही नव्या यंत्रणेच्या टेबलावर पहिल्या दिवशीच येऊन पडणार.

सध्या परिस्थिती काय?

अहिल्यानगरची स्पर्धा आमदार संग्राम जगताप यांच्या पुढाकारानं झाली. दोन महिने उलटायच्या आतच त्याच जिल्ह्यात, कर्जतला, २०२५ च्या मार्चअखेर परिषदेची स्पर्धा झाली. तिथं पुढाकार आमदार रोहित पवारांचा. एक राष्ट्रवादी या बाजूला, दुसरी त्या बाजूला, आणि मधे लाल माती. अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला, कर्जतला वेताळ शेळके.

अहिल्यानगरच्या फलकावर लिहिलं होतं ६७ वी महाराष्ट्र केसरी. कर्जतच्या फलकावर, त्यानंतरच्या महिन्यात, ६६ वी.